सहा जणांचा ताप

शाळेत चौतीस वर्षं कवायत शिकवली म्हणून गल्लीत त्यांना सगळे कवायतबाईच म्हणत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रस्ता ओलांडताना त्या तोंडातल्या तोंडात ‘डावा, उजवा’ करत. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. साडेपाचला उठायचं, सहा ते सात चालायचं, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, नऊला दिवा बंद. यात आजवर एकदाच खंड पडला होता, तो त्यांच्या स्वतःच्या निरोप समारंभाला. भाषणं लांबली आणि झोपायला साडेदहा वाजले. ज्यांचं भाषण सर्वांत लांबलं, त्या मुख्याध्यापकांशी बाई अजून धड बोलत नसत.

मनात एक सल मात्र होता. इतक्या वर्षांत हजारो मुलं हाताखालून गेली, पण एकही रांग सलग पन्नास पावलं एका तालात चालली नव्हती. कुणाची बुटाची नाडी सुटे, कुणाला नेमकी शिंक येई, आणि ‘डावा’ म्हटलं की विचारात पडणारी दोन मुलं तर प्रत्येक वर्गात असतच. त्यातली बरीच मुलं आता मोठी होऊन पाठीला पोक काढून गल्लीतून जाताना दिसत. बाई खिडकीतून बघत आणि खिडकी लावून घेत.

त्या वर्षी शहराच्या आरोग्य कचेरीने नोकरीधंदा करणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. ते वेळही सांगायचं, पण ती त्याची वरकड कामगिरी. खरं काम म्हणजे माणूस किती चालला, किती बसला, कधी झोपला, नाडी किती, अंग किती गरम, हे सगळं कचेरीला कळवणं. घरातले फ्रिज, किटल्या, दिवे हेही एव्हाना हुशार झाले होते आणि घड्याळाच्या हुकमात वागत होते. ज्याची नोंद वाईट, त्याला रविवारी सकाळी आठला ‘सवय सुधार वर्गा’ला जावं लागे. तिथे टणक खुर्चीवर सलग तीन तास बसून, बसल्याने प्रकृतीची कशी वाट लागते, यावरचं व्याख्यान ऐकायचं.

निवृत्त माणसांना घड्याळ नव्हतं. त्यांच्या सवयी सुधारण्याच्या पलीकडे गेल्या, असं कचेरीचं मत होतं.

बाईंची भाची समोरच्या इमारतीत राहायची आणि टपाल कचेरीत बसून पत्रं लावायची. चार रविवार वर्गात काढल्यावर ती रडकुंडीला येऊन मावशीकडे आली.

“मावशी, एवढा एक रविवार वाचव गं. शनिवारपर्यंत माझं घड्याळ तू घाल.”

“म्हणजे खोटं बोलायचं?”

“खोटं कसलं त्यात? तू खरंच चालणार ना? खरंच झोपणार ना?”

बाई विचारात पडल्या. पावलं खरी, झोप खरी, नाडी खरी. फक्त मनगट दुसऱ्याचं. “बरं,” त्या म्हणाल्या, “पण मी चालण्यात काटकसर करणार नाही, सांगून ठेवते.”

“नको करूस!” भाचीने घड्याळ काढलं. ते दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ कातडीपासून दूर राहिलं, तर माणसाचं हृदय थांबलं अशी नोंद होऊन दारात अँब्युलन्स येई. म्हणून दोघींनी मनगटाला मनगट लावून ते एखाद्या जखमी पाखरासारखं अलगद इकडून तिकडे सरकवलं.

रविवार वाचला. पुढचाही वाचला. मग भाचीने घड्याळ परत मागितलंच नाही, आणि तिच्या जिभेला हाड नसल्याने पंधरवड्यात ही गोष्ट गल्लीभर झाली. सगळ्यांत आधी कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला. वजन एकशे दहा किलो, आणि दिवसभर भट्टीपासून गल्ल्यापर्यंतची चार पावलं एवढाच त्याचा प्रवास. “बाई, तुम्ही माझ्या पोराला कवायत शिकवलीत,” त्याने गळ घातली, “आता बापाचंही बघा.” मग किल्ल्या बनवणारा आला, मग शिवणवाली, मग शेजारी-शेजारच्या घरांत राहणारे दोघे भाऊ, जे एकाच दुकानात एकाच बाकावर बसून छत्र्या दुरुस्त करत. बाईंना नाही म्हणता येईना. महिन्याभरात डाव्या हाताला तीन आणि उजव्या हाताला तीन अशी सहा घड्याळं झाली. बाह्या वर जाईनात म्हणून शिवणवालीने त्यांचे सगळे ब्लाउज उसवून सैल करून दिले.

आता बाईंनी हे काम अंगावर घेतलं ते शाळेत घेतलं असतं तसंच. सहा माणसांची प्रकृती आपल्या हातात आहे म्हटल्यावर त्यांनी संध्याकाळचाही एक तास वाढवला. बिस्किट खायचं मनात आलं की त्या थांबत. आपल्याला एक बिस्किट, पण हिशेबात सहा जणांनी खाल्लं असं होईल, हा विचार येई आणि डब्याचं झाकण लागे.

गल्लीत मात्र याचे भलतेच परिणाम दिसू लागले. पहाटे साडेपाचला बाई उठल्या की भाचीच्या स्वयंपाकघरात किटली आपोआप उकळू लागे, कारण तिच्या मते मालकीण उठलेली असे. भाची उशी डोक्यावर घेऊन ओरडे, किटली शिट्टी मारे. बेकरीवाल्याचा फ्रिज रात्री आठला ‘आपली झोपायची वेळ होत आली’ म्हणून कुलूप लावून घेई. आत केक, बाहेर बेकरीवाला. नऊच्या ठोक्याला सहा घरांतले दिवे एकदम जात. छत्रीवाले भाऊ मेणबत्तीच्या उजेडात पत्ते खेळत आणि एकमेकांना हळू आवाजात सांगत, “हळू बोल, आपण झोपलोय.”

पण वर्ग टळत होता ना! त्यापुढे हे सगळं परवडत होतं.

तीन महिन्यांनी कचेरीतून कौतुकाचं पत्र आलं. गल्लीतले सहा नागरिक रोज सकाळी ठीक सहाला निघून शेजारी-शेजारी चालतात, आणि सहाही जणांचं पाऊल एकाच क्षणी पडतं, इतकी शिस्त शहरात इतरत्र आढळलेली नाही, असं त्यात लिहिलं होतं. एकशे दहा किलोचा बेकरीवाला आणि सव्वीस वर्षांची टपालवाली यांची नाडीसुद्धा एक झाली आहे. चांगल्या सवयींनी माणसं हळूहळू सारखी होतात, हे आमचं म्हणणं सिद्ध झालं आहे.

सहा जण ते पत्र वाचून पोट धरधरून हसले. बाईंनी मात्र ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि आतल्या खोलीत गेल्या. सहा जणांची रांग. तीन महिने. एकदाही पाऊल चुकलं नव्हतं. त्यांना मनातून इतका आनंद झाला, की त्यात काही तरी गडबड आहे हे कळत असूनही तो कमी होईना.

एका मंगळवारी सकाळी चालताना त्यांना अचानक हुडहुडी भरली. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या बागेच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. कपाळ तापलं होतं, पाय गळाले होते. तासाला चाळीस मिनिटं कमी होती, म्हणून त्या तशाच पुढे निघाल्या.

सहा वाजून एकवीस मिनिटांनी सहा घरांतले फोन एकदम वाजले. बेकरीवाल्याने पावांचा ट्रे हातात धरून मानेने फोन पकडला. “आपल्याला एकशे दोन ताप आहे,” पलीकडचा आवाज म्हणाला. “ताबडतोब आडवे व्हा.”

“मला? मी पाव भाजतोय.”

“ताप डोक्यात गेलेला दिसतो,” आवाज कुणाला तरी बाजूला म्हणाला, आणि फोन बंद झाला.

सहा दारांत सहा अँब्युलन्स आल्या. अरुंद गल्लीत त्या मावेनात. शेवटची तर उलटी घुसवताना छत्रीवाल्यांच्या दुकानाची पाटीच घेऊन आली. कचेरीत तर हाहाकार उडाला होता. एका गल्लीतली सहा माणसं, सगळी शहरातली सर्वांत निरोगी, एकाच मिनिटाला, एकसारख्या तापाने पडतात, याचा अर्थ काय? याचा अर्थ साथ. तीही अशी, की जी धडधाकट माणसाला आधी धरते. आठ वाजायच्या आत गल्लीच्या दोन्ही तोंडांना पिवळ्या फिती लागल्या. सहा जणांना आपापल्या घरात कोंडून दारावर शिक्के मारले. बाग आणि बागेच्या वाटेवर भपकाऱ्याचं औषध फवारलं. कोपऱ्यावर तंबू ठोकून त्यात टेबल मांडलं आणि त्यामागे एक नोंदवाली बसली.

बाई घरी पोचल्या तेव्हा गल्लीचं हे रूप त्यांनी पाहिलं. हे सगळं आपल्यामुळे झालं, हे त्यांना लगेच समजलं. चूक झाली की पुढे यायचं, हे त्यांनी मुलांना जन्मभर शिकवलं होतं. त्या भिंतीचा आधार घेत घेत तंबूत गेल्या आणि टेबलासमोर ताठ उभ्या राहिल्या.

“ताप मला आलाय,” त्या म्हणाल्या.

नोंदवालीने यंत्रात बघितलं. “घड्याळ क्रमांक?”

“माझं स्वतःचं नाही. मी निवृत्त आहे. पण हे बघा...” त्यांनी बाही वर ओढायचा प्रयत्न केला. अंगात इतकी थरथर होती की हात बाहीत अडकला.

“मग तुम्हाला ताप नाही, बाई. इथे तुमच्या नावावर काहीच नाही.”

“अहो, हात लावून बघा ना कपाळाला!”

“हात लावायला मनाई आहे. साथ आहे ना.” नोंदवाली तशी प्रेमळ होती. तिने जरा पुढे झुकून हलक्या आवाजात सांगितलं, “घाबरून जाऊ नका. असं गर्दीत एकाला झालं की सगळ्यांना वाटतंच. घरी जा, खुशाल फिरा, तुम्हाला बंदी नाही. तुम्ही ठणठणीत आहात.”

त्या ठणठणीत अवस्थेत बाई घराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथेच बसल्या.

समोरच्या खिडकीतून भाचीने ते पाहिलं. “मावशी! अगं, आत जा! पड जरा!”

“पडू कशी? आजची पावलं राहिलीत!”

“खड्ड्यात गेली पावलं!”

तेवढ्यात बेकरीवाल्याची खिडकी उघडली. त्याच्या दारावर शिक्का, भट्टी बंद, पावाचं पीठ फुगून परातीबाहेर आलेलं. “बाई, हात जोडतो तुमच्यापुढे. तुमचा ताप उतरेपर्यंत मला ताप आहे. झोपा हो!”

मग काय, सगळ्याच खिडक्या उघडल्या. किल्लीवाला म्हणाला, कपाळावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा. शिवणवाली म्हणाली, अंग पुसून काढा. बाईंनी अंग पुसायला डाव्या हातातलं कोपराजवळचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, आणि ते किल्लीवाल्याचं निघालं. अडीच मिनिटांनी पांढऱ्या पोशाखातले चार जण शिक्का तोडून त्याच्या घरात घुसले. किल्लीवाला जिवंत असल्याचं त्यांना पटवताना त्याला दोनदा उठाबशा काढाव्या लागल्या. तिसऱ्यांदा त्यांनी कागदावर लिहून घेतलं, की रोगी मृत्यूनंतर हालचाल करतो.

“बाई!” किल्लीवाला खिडकीतून कळवळून ओरडला. “काही करा, पण मला काढू नका!”

त्यानंतर बाईंनी काहीच काढलं नाही. ताप चढला होता, घड्याळांखाली हात सुजले होते, आणि रात्रभर सहाही घड्याळं कुरकुरत एकच सांगत होती, की झोप नीट लागत नाही आहे. सकाळी खोलीत पाण्याचा ग्लास आणून द्यायला कुणी नव्हतं. समोर कोंडलेली भाची मावशीच्या खिडकीत बघत बसली होती. मावशीच्या मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला उभा होता. बाकीची भांडी वर, कागदात गुंडाळून ठेवलेली. भाची गेली चार वर्षं दर आठवड्याला अर्धा तास तिथे येऊन बसत होती, पण त्या मांडणीकडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. तिने शिवणवालीच्या रिळांचा दोरा मागून घेतला, त्याला टोपली बांधली आणि सूप भरलेला डबा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत पोचवायला सुरुवात केली. त्यातलं निम्मं सूप रस्त्यावर सांडे, कारण दोरा मधोमध झोळ खायचा.

तिसऱ्या दिवशी कचेरीचे मोठे डॉक्टर स्वतः आले. थकलेले, पायाने किंचित लंगडणारे, निवृत्तीला वर्षभर उरलेले. त्यांनी आधी बेकरीवाल्याला तपासलं. कागदावर एकशे दोन होते. कपाळावर हात ठेवला तर ते थंडगार. बेकरीवाला दुसऱ्या हाताने पाव खात होता.

डॉक्टरांनी कागद आणि कपाळ पुन्हा एकदा पडताळून पाहिलं. “यंत्र म्हणतं ताप आहे, हात म्हणतो नाही,” ते अखेर म्हणाले. “नियमाप्रमाणे अशा वेळी चूक हाताची धरायची.” तसं त्यांनी लिहिलं. भाचीच्या, शिवणवालीच्या, किल्लीवाल्याच्या आणि छत्रीवाल्या भावांच्याही घरी तसंच लिहिलं. मग भाचीला राहवेना. जिन्यातून उतरणाऱ्या डॉक्टरांना तिने बंद दाराच्या फटीतून सांगितलं, “समोर तळमजल्यावर एकदा जाऊन या हो. तुमच्या यादीत नाही, पण जाऊन या.”

बाईंनी दार उघडलं. डॉक्टरांना पाहून त्यांनी टाचा जुळवल्या आणि दोन्ही हात पुढे केले. डॉक्टरांनी सहा घड्याळं मोजली. मग पुन्हा मोजली.

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “शिक्षा मला करा. त्या लोकांना सोडा.”

डॉक्टर खुर्चीवर बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला, स्वतःच्याच. “बाई, शहरात साथ आहे असं मी सही करून कळवलंय. ती नाही असं कळवायला चौदा सह्या लागतात, आणि त्यातले तिघे रजेवर आहेत.”

“मग आता?”

“आता एकच मार्ग. तुम्ही औषध घ्यायचं. तुम्ही बऱ्या झालात की साथ संपली.”

त्यांनी बॅगेतून गोळ्या काढल्या. नंतर, जरा चाचपडत, मनगटाच्या वर, घड्याळं नसलेली अंगठ्याजवळची बोटभर जागा शोधून काढली आणि नाडीवर बोटं टेकवली. हे काम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. मध्येच आकडा विसरले आणि पहिल्यापासून मोजायला लागले. बाईंना या चार वर्षांत कुणी इतका वेळ हात धरून बसलं नव्हतं. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. डोळे तापाने भरून आले असावेत.

दोन दिवसांनी, शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, शहरातली साथ आटोक्यात आली. सहाही रोगी एकाच क्षणी बरे झाले. कचेरीने पत्रक काढलं, की घड्याळांनी वेळेवर इशारा दिल्यामुळे हे संकट टळलं. घड्याळं नसती तर ताप आलाय हे रोग्यांना कळलंही नसतं. यातलं शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं.

बाईंनी घड्याळं घरोघरी जाऊन परत केली. कुणाचंही काही एक न ऐकता. “मी आजारी पडले की तुम्ही मरता,” त्या म्हणाल्या, “एवढी जबाबदारी मला झेपत नाही.” बेकरीवाल्याचा पट्टा त्याच्या मनगटाला आता पुरेना, तिथे त्याने पाव बांधायची दोरी जोडली.

अर्थात घड्याळं खऱ्या मालकांच्या हातावर आल्यावर सहाही जणांच्या नोंदी धाडकन कोसळल्या. रोज बारा हजार पावलं चालणारा बेकरीवाला नव्वद पावलांवर आला. छत्रीवाले तर हलतच नव्हते. कचेरीत पुन्हा बैठक बसली. सवय सुधार वर्गाची सगळ्यांनी धास्ती घेतली होती, पण पत्र आलं ते निराळंच. हा साथीनंतरचा अशक्तपणा आहे, असं त्यात म्हटलं होतं, आणि सहाही रोग्यांना सक्तीची तीस दिवसांची विश्रांती दिली होती. खाली मोठ्या डॉक्टरांची सही होती.

“ताप तुम्हाला आणि रजा आम्हाला,” बेकरीवाला बाईंना म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. त्याने केक आणला होता. बाईंनी एक तुकडा घेतला आणि बत्तीस वेळा चावला. मग कुणाचाच विचार न करता दुसरा घेतला.

भाचीने रजेतले आठ दिवस मावशीकडे काढले. पहिल्याच दिवशी तिने मांडणीवरच्या कागदातली दोन ताटं सोडवली. साडेपाचला मात्र ती उठली नाही, आणि बाईंनी उठवलंही नाही.

डॉक्टर अधूनमधून येऊ लागले. पहिल्यांदा आले तेव्हा बॅगेत एक नवं घड्याळ होतं. निवृत्तांसाठी खास मागवलं आहे, म्हणाले. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

“मला ताप आला तर मला कळतो. दुसऱ्या कुणाला कळावा असं वाटलं, तर मी सांगेन.”

“आणि सांगायला जमलं नाही तर?”

बाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. “तर मग तुम्ही असं करा, मंगळवारी येत जा,” त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला.

डॉक्टरांनी बोटं टेकवली. बाईही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मनातल्या मनात मोजू लागल्या. मिनिट झालं.

“चौऱ्याहत्तर,” डॉक्टर म्हणाले.

“बहात्तर.”

“बाई, मी डॉक्टर आहे.”

“असाल. दोन तुम्ही घाईत जास्त मोजले. परत मोजा.”